उबुंटू परत टाकल्यावर सगळं एका कमांडवर बसवायचं आहे, काय वापरू?

पऱ्हाटी_कोडर (घाटंजी): राजेहो, लॅपटॉप ८ जीबी रॅमचा, उबुंटू २४.०४. मोबाइलचा रोजचा २ जीबी डेटा, लाइन (वीज) कधीही जाते. पायथन, नोड, पोस्टग्रेस, व्हीएस कोड आणि डॉटफाइल (माझ्या सेटिंगच्या फाइली) हवेत. खर्च शून्य.

टर्मिनल_भाऊ: अ‍ॅन्सिबल, मशीन आपोआप बसवून देणारं टूल. कनेक्शन 'लोकल' (हेच मशीन) ठेवून प्लेबुक, म्हणजे कामांची यादी असलेली फाइल, चालवा. लाइन गेली तर परत चालवा, जे बसलं त्याला ते हात लावत नाही. फक्त 'शेल' मॉड्यूल दरवेळी चालतं, तिथं 'क्रिएट्स' द्या, म्हणजे ती फाइल आधीच असली तर काम टळतं.

वर्धाकाठ: निक्स हा पॅकेज मॅनेजर घ्या. लॉक फाइलमुळे आवृत्त्या पक्क्या राहतात. माझं तर सगळं निक्सवरच आहे.

संत्रामंडी: २ जीबीत निक्स? जुन्या आवृत्त्या स्टोअरमध्ये साचतात, साफ नाही केल्या तर डिस्क भरते. आधी १६ जीबी रॅम टाका, मग पुढचं.

टर्मिनल_भाऊ: खर्च शून्य लिहिलं आहे ना बाप्पा!

रात्रपाळी: टूल नंतर, मोबाइल डेटा आधी वाचवा. आजच 'एपीटी-मार्क शोमॅन्युअल' (स्वतः टाकलेली पॅकेजेस) आणि 'कोड --लिस्ट-एक्स्टेन्शन्स' (व्हीएस कोडची एक्स्टेन्शन्स) यांची यादी काढून ठेवा. 'एपीटी इन्स्टॉल' काम झालं की डेब फाइल (उतरवलेलं पॅकेज) पुसून टाकते, 'एपीटी-गेट' ठेवते. म्हणून एपीटी-गेटच वापरा आणि /वार/कॅश/एपीटी/आर्काइव्ह्ज पेनड्राइव्हवर घ्या. गिट क्लोन मधात तुटलं की पहिल्यापासून सुरू होतं, '--डेप्थ १' द्या, म्हणजे जुना इतिहास उतरत नाही. इन्स्टॉल चालू असताना लाइन गेली तर आधी 'डीपीकेजी --कॉन्फिगर -ए' चालवा, अर्धवट राहिलेली पॅकेजेस पूर्ण बसतात.

वर्धाकाठ: डॉटफाइल सांभाळायला चेझमोई हे टूल घ्या. एसएसएच की (लॉगिनची गुप्त किल्ली) गिटमध्ये टाकू नका, रेपो (गिटमधलं फोल्डर) प्रायव्हेट असला तरी.

संत्रामंडी: की गिटमध्ये नको, हे खरं. पण चेझमोई काहून? फाइलींचे दुवे जोडणारं स्टो पुरे.

रात्रपाळी: स्टो पहिल्याच फाइलला अडतो. नव्या यूजरला उबुंटू .बॅशआरसी (टर्मिनलच्या सेटिंगची फाइल) देतंच, ती आधी हलवा. '--अडॉप्ट' दिलं तर तीच फाइल तुमच्या रेपोतल्या फाइलवर बसते, मग आपली फाइल परत आणायला 'गिट रिस्टोअर' करावं लागतं.

नवा_मेंबर: अ‍ॅन्सिबलच बेस्ट.

पऱ्हाटी_कोडर: एकाच मशीनसाठी प्लेबुक नको वाटतं. साधी बॅश स्क्रिप्ट लिहितो. डॉटफाइल 'एलएन -एसएफएन' या दुवा बनवणाऱ्या कमांडनं जोडतो, स्टोही नको. डेब फाइल पेनड्राइव्हवर घेतल्या.

टर्मिनल_भाऊ: मग वर 'सेट -ई' टाका, नाहीतर एक ओळ फसली तरी पुढच्या चालत राहतात. .बॅशआरसीत ओळ जोडताना ती आधीच आहे का हे 'ग्रेप -क्यूएक्सएफ'नं पाहा, नाहीतर दर वेळी तीच ओळ वाढत जाईल.