लाल रेघ दिसत नाही म्हणून डोळे झाकून निघायचं का?

झिरोमाईल_६२
काल इथं एकाने लिहिलं: "लांबच्या प्रवासाचं नियोजन आता विसरा. निघताना लाइव्ह ट्रॅफिक बघा, लाल रेघ नसेल तर गाडी काढा, बाकी मॅप सांगतो." खाली अंगठ्यांची रांग लागली. तेव्हाच उत्तर द्यायचं होतं, पण रागात लिहू नये म्हणून रात्र जाऊ दिली. राग काही गेला नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

मागच्या वर्षी, म्हणजे ८ फेब्रुवारी २०२५ ला, शनिवारी रात्री आम्ही सहा जण नागपूरहून कुंभासाठी प्रयागराजला निघालो. सव्वासहाशे किलोमीटरचा रस्ता. निघताना मॅपवर जबलपूरपर्यंत हिरवं आणि त्यापुढे कुठेकुठे नारिंगी. जबलपुरात तीन तास पडलो, पहाटे पुन्हा निघालो. सिहोरा मागे पडलं आणि गाडी थांबली ती थांबलीच. दुपारी कटनीजवळ पोलीस हात जोडून सांगत होते, परत फिरा, पुढे रीवापर्यंत गाड्याच गाड्या आहेत. ७६ वर्षांची आई मागच्या सीटवर. पाणी संपलं, लघवीला जायला जागा नाही. मॅप तेव्हा गडद लाल दाखवत होता. तेव्हा दाखवून काय उपयोग? लाल दिसायला आधी गाड्या अडकाव्या लागतात, आणि अडकलेल्यांत आम्हीच होतो.

माझं म्हणणं एवढंच आहे. लाइव्ह म्हणजे आत्ताचं. मी रीवाला पोहोचणार आठ-दहा तासांनी. तिथं आत्ता काय आहे हे कळून मला काय करायचंय? त्या शनिवार-रविवारी अर्धा देश तिकडे निघणार हे कॅलेंडर बघून कळत होतं. मी कॅलेंडर पाहिलं नाही, फोन पाहिला.

मिहानवाला
काका, आईंना त्रास झाला त्याचं वाईट वाटलं. पण तुम्ही दोष चुकीच्या ठिकाणी लावून राहिले. मॅप फक्त आत्ताचं दाखवतो हे अर्धसत्य आहे. रस्त्यावरच्या फोनांचं लोकेशन आणि वेग तर घेतातच, शिवाय त्या रस्त्यावर त्या वारी, त्या वेळी एरवी काय परिस्थिती असते तेही हिशेबात धरतात. निघायची वेळ पुढची टाकून बघायची सोय आहे. तुम्ही ती वापरली होती का?

झिरोमाईल_६२
नाही वापरली. पण वापरून काय झालं असतं? "एरवी" म्हणजे एरवीचा शनिवार. तो कुंभाचा शनिवार होता. एरवीचा हिशेब तिथं कसा लागणार?

मिहानवाला
बरं, कुंभापुरतं मान्य. त्यापुढे नाही.

प्रतापनगरची_ताई
मला हे एकतर्फी वाटतं. गेल्या पावसाळ्यात सासऱ्यांना घेऊन हैदराबादला जात होतो, दुसऱ्या दिवशी त्यांचं ऑपरेशन. बुटीबोरीला चहाला थांबलो तर हिंगणघाटच्या अलीकडे गडद लाल. ट्रक उलटला होता. तिथूनच वर्ध्याकडे वळलो आणि वर्ध्यावरून हिंगणघाट गाठलं. पाऊण तास जास्त लागला, पण संध्याकाळी दवाखान्यात पोहोचलो. मागून येणारे आमचे नातेवाईक सरळ गेले, ते पाच तास जागेवर होते. मला त्या दिवशी कॅलेंडरनं वाचवलं नाही, फोननं वाचवलं.

झिरोमाईल_६२
ताई, तुमचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. बुटीबोरी ते हिंगणघाट म्हणजे तासाभराची गोष्ट. तेवढ्यापुरतं लाइव्ह बघावंच. मी घरून निघतानाच्या भरवशाबद्दल बोलतोय.

प्रतापनगरची_ताई
मग धाग्याचं नाव बदला, दादा. वाचणाऱ्याला वाटतं की तुम्ही फोन फेकून द्या म्हणताय.

वाडी_ट्रान्सपोर्ट
आमच्या बारा गाड्या आहेत, तीस वर्षं हाच धंदा. मॅप कारवाल्यांसाठी बनलाय, ट्रकसाठी त्यात वेगळा पर्यायच नाही. एका ॲपनं माझ्या ड्रायव्हरला सावनेरच्या पुढे जॅम टाळायला म्हणून गावातल्या रस्त्यावर घातलं. चौदा चाकी गाडी, समोर नीची कमान. अख्खी रात्र रिव्हर्स घेण्यात गेली आणि गावकऱ्यांच्या शिव्या खाल्ल्या त्या वेगळ्या. त्या दिवसापासून आमचा नियम एकच: समोरून येणाऱ्याला विचारायचं. ढाब्यावर जबलपूरकडून आलेला ट्रक दिसला की त्याच्याशी दोन मिनिटं बोला. घाटात काय आहे ते तो डोळ्यांनी पाहून आलेला असतो.

आणि खवासा ते कुरई घाट, पेंचच्या जंगलातून, नेटवर्क येतं-जातं. तिथं फोन बोललाच नाही तर मॅपला काय कळणार? तो जुन्या अंदाजावर हिरवं दाखवतो.

मिहानवाला
काका, हा मुद्दा बरोबर आहे. फोन कमी किंवा नेटवर्क नसेल तर रंगावर भरवसा ठेवता येत नाही. उलटंही होतं. २०२० मध्ये बर्लिनमध्ये एका कलाकारानं ९९ फोन हातगाडीत भरून रिकाम्या रस्त्यानं ओढत नेले, तर मॅपनं तो रस्ता लाल केला. लाल म्हणजे फोन हळू चाललेत, बस. म्हणून मी जंगलाआधी ऑफलाइन नकाशा उतरवून ठेवतो.

काटोल_रोडचा
गावातल्या शिव्यांचं निघालंच आहे तर आमचंही ऐका. हायवेवर जरा खोळंबा झाला की मॅप सगळ्या कार आमच्या गावातून काढतो. शाळा सुटायची वेळ, पोरं रस्त्यावर, आणि पुण्या-मुंबईच्या पासिंगच्या गाड्या सत्तरनं जातात. तुमचे वीस मिनिटं वाचतात, आमचा जीव टांगणीला लागतो. यावर कोणीच बोलत नाही.

समृद्धी_७०१
अरे बाप्पा, कोणत्या जमान्यातलं भांडून राहिले तुम्ही! मुंबईला जायचं तर समृद्धी महामार्गावर शिवमडक्याला चढा, आमण्याला उतरा. ५ जून २०२५ ला इगतपुरी-आमणे सुरू झाल्यापासून पूर्ण ७०१ किलोमीटर मोकळा. मी चारदा गेलो, एकदाही लाल दिसलं नाही. वेग मर्यादा १२०, क्रूझ लावा आणि निवांत बसा. ट्रॅफिक बघायची गरजच काय?

प्रतापनगरची_ताई
निवांत बसा? याच वाक्यानं माणसं मरतात तिथं. सरळ रस्ता, वळण नाही, डोळा लागतो. लाल रेघ नाही म्हणजे धोका नाही, हे कोणी शिकवलं?

वाडी_ट्रान्सपोर्ट
आणि टायर. सिमेंटचा रस्ता, मे महिन्यातलं आपलं ४५ डिग्री, आणि पोरं चार तास एका दमात १२० नं ताणतात. माझ्या भाच्याचा मागचा टायर मेहकरजवळ फुटला. गाडी दुभाजकाला घासत गेली. वाचला, पण खांद्यात रॉड आहे.

समृद्धी_७०१
मी नायट्रोजन भरतो, काका. टायर तापतच नाही.

वाडी_ट्रान्सपोर्ट
हे कोणी सांगितलं? साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो. टायर तापतो तो कमी हवेनं. हवा कमी असली की बाजू दबते, सुटते, पुन्हा दबते, आणि त्या घुसळणीनं आतून तापतो. नायट्रोजन भरून तीन महिने बघितलंच नाही तर तोही कमीच होतो.

समृद्धी_७०१
मग उन्हाळ्यात हवा थोडी कमीच ठेवायची ना? गरम होऊन वाढते म्हणून. आमच्या पंपावरचा माणूस दोन-तीन पॉइंट काढूनच देतो.

वाडी_ट्रान्सपोर्ट
हेच! हेच ऐकून लोक मरून राहिले! भाऊ, हात जोडतो, असं करू नका. हवा सकाळी टायर थंड असताना मोजायची, ड्रायव्हरच्या दाराजवळ स्टिकर असतो त्यावरचा आकडा ठेवायचा, पाच माणसं आणि सामान असेल तर त्यातला जास्तीचा. गरम टायरमधली हवा कधीच काढायची नाही. काढली की थंड झाल्यावर तो कमी हवेचा टायर होतो, आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही त्याच्यावर १२० नं जाता.

समृद्धी_७०१
ओरडू नका काका. पंपावरचा माणूस रोज शंभर गाड्या करतो, त्याला काहीच कळत नाही का?

वाडी_ट्रान्सपोर्ट
मी ओरडतोय कारण भाच्यानंही पंपावरच्याचंच ऐकलं होतं.

झिरोमाईल_६२
धागा टायरवर गेला, जाऊ द्या, हे जास्त गरजेचं आहे. फक्त समृद्धीबद्दल एक. तिथं लाइव्ह ट्रॅफिक जास्त लागतं, कमी नाही. एकदा चढलात की मनात आलं तिथं उतरता येत नाही. पुढे अपघात झाला तर तो शेवटच्या इंटरचेंजच्या आधी कळला पाहिजे, नंतर कळला तर गाड्यांच्या मागे उभं राहायचं. तेव्हा शेजारच्या सीटवरच्या माणसानं अधूनमधून बघत राहावं, चालवणाऱ्यानं नाही.

मिहानवाला
म्हणजे सकाळी फोन नको म्हणणारे काका आता म्हणतात दर तासाला फोन बघा.

झिरोमाईल_६२
सकाळीही हेच म्हटलं होतं, तुम्ही कुंभापुढे वाचलं नाही. पण ठीक आहे, पुढची वेळ टाकून बघायची ती सोय वापरून पाहीन. दिवाळीनंतर रायपूरला जायचंय, भंडारा-साकोली-देवरी मार्गे. आधी कॅलेंडर, मग तुमची ती वेळ.

समृद्धी_७०१
टायर किती जुना चालतो, काका? माझे दिसायला नवे आहेत, नक्षी पूर्ण शिल्लक आहे.

वाडी_ट्रान्सपोर्ट
नक्षीवर जाऊ नका. उभी राहिलेल्या गाडीचंही रबर कडक होतं. टायरच्या बाजूला लांबट गोलात चार आकडे असतात. पहिले दोन म्हणजे बनवल्याचा आठवडा, नंतरचे दोन वर्ष. खाली जाऊन बघा आणि इथं लिहा.

समृद्धी_७०१
बघून आलो. तीन टायरवर २२२३. मागच्या डाव्यावर ३८१६. सेकंडहँड गाडी घेतली तेव्हापासून तोच आहे. याच टायरवर चारदा मुंबई करून आलो, दोनदा पोरं मागे बसली होती.

वाडी_ट्रान्सपोर्ट
उद्या सकाळी आधी तो बदला. मुंबईला कधी निघताय?

समृद्धी_७०१
शुक्रवारी निघणार होतो. आता टायर बदलल्यावर.