आधी काळ्या पोर्टमध्ये लावून बघा

काकूंचा हात थरथरतो म्हणून मोठ्या बटणांचा कीबोर्ड आणि ट्रॅकबॉल (जागेवरच बोटाने गोळा फिरवायचा माउस) आणलात, आणि विंडोज ७ ‘ड्रायव्हर’ (ते उपकरण चालवणारा छोटा प्रोग्रॅम) ‘सापडला नाही’ म्हणतंय. त्यावर कुणी नवा पीसीच घ्या असा सल्ला दिलाय. एवढ्यासाठी कशाला?

पहिलं म्हणजे कीबोर्ड निळ्या पोर्टात, म्हणजे यूएसबी ३.० च्या खाचेत, खोचलाय का? विंडोज ७ मध्ये त्याचा ड्रायव्हर मुळात नसतोच. मागच्या काळ्या (यूएसबी २.०) पोर्टात लावा. बऱ्याचदा तिथेच काम होतं. असे कीबोर्ड बहुतेक एचआयडी (कीबोर्ड-माउससाठीचा ठरलेला प्रकार) असतात, त्यांचा ड्रायव्हर विंडोजकडे असतो. सोबतची सीडी फक्त जादा बटणांसाठी.

तरी डिव्हाइस मॅनेजरमध्ये (विंडोजची उपकरणांची यादी) कीबोर्डपाशी पिवळं चिन्ह राहिलं, तर त्यावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, हार्डवेअर आयडीज. तिथला व्हीआयडी-पीआयडी (कंपनी आणि मॉडेलचा) नंबर टिपून कंपनीच्या साइटवर ड्रायव्हर शोधा. मिळालेली झिप फाइल उघडून ठेवा, मग अपडेट ड्रायव्हर, ‘हॅव डिस्क’ आणि त्यातली आयएनएफ (ड्रायव्हरची माहिती असलेली) फाइल. आपलं विंडोज ३२ बिट की ६४ बिट, ते आधी बघा. फुकट ‘ड्रायव्हर अपडेटर’ मात्र चुकूनही घेऊ नका, नसती ब्याद.

आणि हे सगळं होईपर्यंत काकूंना थांबवू नका. उजवं शिफ्ट आठ सेकंद दाबून धरलं की फिल्टर कीज चालू करायचं विचारतं. थरथरीने चुकून लागलेली बटणं मग मोजलीच जात नाहीत. पाच वेळा शिफ्ट दाबलं की स्टिकी कीज, म्हणजे शिफ्ट-कंट्रोलसारखी बटणं दुसऱ्या बटणाबरोबर दाबून धरायला नकोत. दोन्ही विंडोजमध्येच आहेत.

यूएसबीऐवजी जुना गोल पिनचा पीएस/२ कीबोर्ड लावणार असाल तर पीसी बंद करून लावा. तो पुण्यातल्या तपकीर गल्लीत शोधल्यास मिळावा.