आजोबांच्या ट्रंकेतली तीन पदकं: इटलीतली मराठा पलटण नेमकी कोणती हे कसं शोधायचं?

कोयनाकाठ:
नमस्कार मंडळी. आजोबांच्या पत्र्याच्या ट्रंकेत तीन पदकं आणि घड्यांवर फाटलेला डिस्चार्जचा कागद मिळाला. कागदावर "५ एम.एल.आय.", हुद्दा शिपाई, भरती १९४२, सुटका १९४६, जिल्हा सातारा एवढं लागतं. आर्मी नंबरचे शेवटचे दोन आकडे पुसट आहेत. दोन पदकं पिवळी, सहा टोकांच्या ताऱ्यासारखी; एक गोल, पांढऱ्या धातूचं. रिबिनी मळल्या आहेत. मला तीन गोष्टी हव्यात. ते पाचव्या पलटणीत होते का? त्यांचं रेकॉर्ड कुठे मिळेल? आणि चार वर्षं लढाईत काढूनही पेन्शन का मिळाली नाही? आजी ९३ वर्षांची आहे, तिला अजून काही मिळू शकतं का?

गनपत_पलटण:
पहिली चूक इथेच होते, म्हणून आधी तेच सांगतो. "५ एम.एल.आय." मधला पाच हा पलटणीचा (बटालियनचा) आकडा नाही, रेजिमेंटचा आहे. १९२२ च्या फेररचनेपासून महायुद्ध संपेपर्यंत आपल्या रेजिमेंटचं नावच "पाचवी महारट्टा लाइट इन्फंट्री" होतं. पलटण १/५, ३/५, ४/५ अशी लिहीत, तिरप्या रेघेच्या आधीचा आकडा पलटणीचा. कागदाच्या मागच्या बाजूला किंवा शिक्क्यात तसा आकडा आहे का, भिंगाने पाहा.

पिवळे तारे सगळे एकाच घडणीचे असतात. फरक मधल्या वर्तुळात कोरलेल्या नावाचा आणि रिबिनीचा. लाल-पांढरा-हिरवा-पांढरा-लाल अशा पाच सारख्या पट्ट्या असतील तर इटली स्टार. गडद निळा, लाल, फिकट निळा अशा तीन रुंद पट्ट्या म्हणजे १९३९-४५ स्टार. पायदळाला तो साधारणपणे १८० दिवस युद्धक्षेत्रात काढल्यावर मिळे. गोल पदकावर दोन तोंडांच्या ड्रॅगनवर उभा सिंह असेल तर ते वॉर मेडल, त्याला २८ दिवसांची नोकरी पुरे. त्यामुळे वॉर मेडलवरून लढाईबद्दल काहीच कळत नाही. कळतं ते ताऱ्यांवरून.

कोयनाकाठ:
सिंह आणि ड्रॅगन बरोबर. एका ताऱ्यावर "इटली" स्पष्ट वाचता येतंय, दुसऱ्यावर १९३९-१९४५.

सेनिओचा_बांध:
मग क्षेत्र बरंच आवळलं. आफ्रिका स्टार नाही, म्हणजे मे १९४३ पर्यंतच्या उत्तर आफ्रिकेच्या लढाईत ते नव्हते. जून १९४२ मध्ये तोब्रुकला २/५ कैद झाली, त्यात असते तर आफ्रिका स्टार मिळाला असता. बर्मा स्टार नाही, म्हणून मार्च १९४४ ला मणिपुरात सांगशाकला लढलेली ४/५ ही सोडा. इटलीत पायदळ म्हणून लढलेल्या मराठा पलटणी मुख्यतः दोन: आठव्या भारतीय डिव्हिजनमधली १/५ आणि दहाव्यातली ३/५.

दोघींची वाट वेगळी. आठवं डिव्हिजन सप्टेंबर १९४३ ला तारांतोला उतरलं. पुढे सांग्रो नदी, मे १९४४ ला कॅसिनोजवळची गारी नदी, डिसेंबर १९४४ ला सेर्किओचं खोरं आणि शेवटी ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ. दहावं डिव्हिजन १९४४ च्या वसंतात आलं आणि वरच्या तायबर खोऱ्यातून उत्तरेला चढलं.

सेनिओचं सांगायलाच हवं, कारण "नदी ओलांडली" एवढ्या दोन शब्दांत ते मावत नाही. नदी फार रुंद नाही, पण दोन्ही काठांना पुरासाठी घातलेले उंच मातीचे बांध आहेत. जर्मनांनी त्या बांधांतच मशीनगनची ठाणी खणली होती आणि चढावर सुरुंग पेरले होते. १/५ चे शिपाई नामदेव जाधव यांनी दोन जखमी जोडीदार खोल पाण्यातून, उभ्या चढावरून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून मागे आणले. मग तीन मशीनगन ठाणी मोडून बांधावर उभं राहून मराठ्यांची युद्धगर्जना केली आणि मागच्या कंपन्यांना पुढे बोलावलं. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे शौर्याचं सर्वोच्च ब्रिटिश पदक, मिळाला. ३/५ चे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला तायबर खोऱ्यात धारातीर्थी पडले. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, म्हणून बंदुकीच्या दस्त्याने शेवटचे दोघे त्यांनी लोळवले. त्यांची कबर नाही, नाव कॅसिनोच्या स्मारकावर आहे. २०२३ मध्ये मोंतोने गावात त्यांच्या नावाचं सूर्यघड्याळ उभं राहिलं.

पलटण कळली की तिची युद्धदैनंदिनी (वॉर डायरी) पाहा. त्यासाठी इंग्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागारातल्या "डब्ल्यूओ १६९" आणि "डब्ल्यूओ १७०" या दोन्ही मालिका तपासा. आजोबांचं नाव मिळेल अशी आशा धरू नका. शिपायाचं नाव क्वचित, बहुधा जखमींच्या यादीतच येतं. पण कोणत्या रात्री पलटण कुठे होती हे तारखेनिशी कळतं.

फाईल_आणि_फीत:
आता रेकॉर्ड. पत्ता बेळगावचं मराठा लाइट इन्फंट्रीचं अभिलेख कार्यालय. पेन्शन नसलेल्यांची सेवापुस्तकं ठरावीक वर्षांनी नष्ट करायचा नियम आहे. जुन्या प्रकरणांत ती मुदत २५ वर्षांची धरली जाई. "लाँग रोल", म्हणजे भरती झालेल्यांची नोंदवही, मात्र जपून ठेवतात. म्हणून अर्जात "सेवापुस्तक द्या" असं न लिहिता "लाँग रोलमधील नोंदीचा उतारा मिळावा" असं लिहा. नाव इंग्रजीत तीन-चार प्रकारे लिहून द्या, कारण कारकून ऐकू येईल तसं लिहीत; पुष्कळदा वडिलांचं नाव किंवा आडनाव गळून जायचं. जिल्हाही तेव्हाचाच लिहा. सांगलीचं गाव तेव्हा साताऱ्यात, रायगडचं कुलाब्यात, सिंधुदुर्गचं रत्नागिरीत होतं.

पेन्शनचं कारण कडवट आहे, पण सरळ आहे. शिपायाला सेवा पेन्शनसाठी किमान १५ वर्षं लागतात. युद्धासाठी भरती केलेली पोरं १९४५-४७ मध्ये फौज कमी करताना घरी पाठवली. हातावर थोडी रक्कम ठेवली आणि रेल्वेचा पास दिला. दोष त्यांचा नव्हता, तरी पोरं मोकळ्या हातांनी गावी आली. माझ्या मते हा अन्याय होता. सुटकेच्या कारणाच्या रकान्यात वैद्यकीय कारण असेल तर बाब वेगळी होते. लष्करी सेवेमुळे आलेल्या अपंगत्वाच्या पेन्शनला १५ वर्षांची अट नाही. तो रकाना नीट वाचा.

आजींसाठी: महाराष्ट्र शासन दुसऱ्या महायुद्धातल्या, पेन्शन नसलेल्या सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना दरमहा मानधन देतं. अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात. अडतं ते एका जागी: लग्न सुटकेनंतर झालं असेल तर फौजेच्या कुठल्याच कागदावर बायकोचं नाव नसतं. त्यासाठी ग्रामपंचायतीचा दाखला, आजोबांचा मृत्यू दाखला आणि नावातल्या फरकाबद्दल प्रतिज्ञापत्र आधीच जोडा, म्हणजे हेलपाटे वाचतात.

गनपत_पलटण:
कागद लॅमिनेट करू नका आणि सेलोटेपही लावू नका, दोन्ही पुढे निघत नाहीत. पदकं ब्रासोने घासू नका. पुसट आकड्यांसाठी खोली अंधारी करून टॉर्च कागदाला जवळजवळ समांतर धरा आणि चार बाजूंनी फोटो काढा. निबाचा दाब उठून दिसतो. जुनी लोहयुक्त शाई असेल तर नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली ती काळी दिसते.

कोयनाकाठ:
दिवा लावून पाहिलं. शेवटचा आकडा ७ पक्का. त्याआधीचा १ किंवा ४ वाटतो. मागच्या शिक्क्यात "३/५" आहे!

फाईल_आणि_फीत:
मग तायबर खोरं. अर्जात अंदाजाने एकच आकडा भरू नका. दोन्ही नंबर लिहा, कागदाची दोन्ही बाजूंची झेरॉक्स जोडा आणि स्पीड पोस्टाने पाठवून पोचपावती जपून ठेवा. आजींचा मानधनाचा अर्ज मात्र बेळगावच्या उत्तराची वाट न पाहता या आठवड्यातच द्या.