मदत हवी आहे: वॉशिंग मशीनच्या गिअरबॉक्समध्ये कोणतं ऑइल घालावं?

नमस्कार मंडळी,

आमचं टॉप लोड मशीन जुनं आहे, टबात मधोमध उभा दांडा असतो त्यातलं. धुताना घरघर आणि पांढऱ्या कपड्यांवर काळपट तेलकट ठिपके, अशी दुहेरी तक्रार. सर्व्हिसवाल्यानं 'आता गिअरबॉक्स येत नाही, नवीन घ्या' म्हणून हात झटकले. मोटर ठणठणीत, टबाला गंज नाही, मग भंगारात का घालायचं? गिअरबॉक्स उतरवून खोलला.

आतलं तेल दूध जास्त झालेल्या चहासारखं, तळाला गाळ. गिअरचे दात शाबूत आहेत. वरचं ऑइल सील (शाफ्टभोवतीची तेल अडवणारी रबरी कडी) मात्र कडक होऊन चिरलंय आणि शाफ्टवर सीलच्या जागी नखाला लागेल अशी रेघ पडलीय. थोडक्यात, साबणाचं पाणी आत आणि तेल बाहेर. बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती नळी) पितळी आहे, हे मुद्दाम सांगतोय.

मॅन्युअल हरवलंय, गिअरबॉक्सवर तेलाबद्दल अक्षर नाही. इथल्या कोल्हापूरच्या उद्यमनगरातला दुकानदार म्हणतो, "नव्वद नंबर न्या डोळं झाकून," आणि समोर दोन डबे ठेवतो, एक जीएल-४, एक जीएल-५ (हे गिअर ऑइलचे दर्जे). मेहुण्याचं मत, गाडीचं २०डब्ल्यू-४० इंजिन ऑइल उरलंय तेच ओता. गल्लीतला मेकॅनिक ग्रीस ठासून भरा म्हणतो.

मला कळतं ते असं: गिअर ऑइलचे आणि इंजिन ऑइलचे नंबर वेगवेगळ्या मापाचे. नव्वदचं गिअर ऑइल हे साधारण ४० ते ५० नंबरच्या इंजिन ऑइलइतकंच दाट, दुप्पट नव्हे. त्यामुळे मेहुण्याचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. पण इंजिन ऑइलमध्ये मळ तरंगत ठेवणारी रसायनं असतात, ती पाणीही धरून ठेवतात. ज्या गिअरबॉक्समध्ये पाणी शिरण्याचीच भीती, तिथं ते नको वाटतं. ग्रीसचं म्हणाल तर सेमी-ऑटोमॅटिकच्या छोट्या गिअरबॉक्सला ते असतं, पण तेलावर चालणाऱ्या डब्यात दात ग्रीस बाजूला सारतात आणि ते परत येत नाही.

तर जीएल-४ की जीएल-५? किती ओतायचं? आणि त्या रेघेचं काय?

प्रतिसाद

पितळी बुश आहे म्हणता, तर जीएल-४, ८०डब्ल्यू-९०. जीएल-५ मध्ये गंधक-फॉस्फरसची रसायनं बरीच जास्त असतात, ती ट्रकच्या डिफरन्शियलसारख्या (मागच्या चाकांना फिरवणारे गिअर) प्रचंड दाबासाठी. पितळेला ती बाधू शकतात. हल्लीची काही जीएल-५ तेलं सौम्य असतात, पण चादरी धुणाऱ्या मशीनला तो दाब येतोच कुठं? नुसतं ९० मिळालं तरी घ्या, ८०डब्ल्यू हा आकडा थंडीतल्या पातळपणाचा आहे आणि आपल्या कोल्हापूरच्या थंडीत काही फरक पडत नाही.

काठोकाठ भरू नका. तेल तापून फुगतं आणि दाब थेट नव्या सीलवर येतो. आतल्या भिंतीवर जुन्या तेलाच्या पातळीचा डाग दिसत असेल तर तिथपर्यंत भरा. नसेल दिसत तर खालचा गिअर अर्धा बुडाला की बास.

प्रतिसाद

भावा, तेलावर एवढा खल चाललाय, पण खरं काम सीलचं हाय. त्या रेघेवर नवीन सील बसवलं तर महागातलं तेल पण पुन्हा टबात. सील एक-दोन मिलिमीटर वर किंवा खाली बसतंय का बघ, म्हणजे त्याची कड कोऱ्या जागेवर येईल. जागा नसेल तर लेथवाल्याकडनं शाफ्टवर पातळ स्लीव्ह (धातूची नळी) चढवून घे. सीलवर आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी असे तीन आकडे असतात. पुसले असतील तर जुनं सील आणि शाफ्ट दोन्ही दुकानात ने. डबल लिपचं माग, एक कड तेल अडवती, दुसरी पाणी. स्प्रिंगची बाजू तेलाकडं.

गिअर रॉकेलनं धू, आणि पूर्ण सुकल्याबिगर तेल घालू नको.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. जीएल-४ ठरलं, शाफ्ट उद्या उद्यमनगरला नेतो. झाकणाखालची कागदी गॅस्केट (गळती थांबवणारी पट्टी) उचकटताना फाटली. तिथं सिलिकॉन चालेल का?

प्रतिसाद

ऑइलला चालणारं घे, बाथरूमचं नको. थर पातळच लाव, जादा झालं की आत लोंबतंय आणि तुकडे गिअरमध्ये जातात. आणि तेल ओतायची घाई नको, एक दिवस वाळू दे.