मदत हवी आहे: जुन्या दिवाणी दाव्याचा निकाल कसा शोधायचा?

नमस्कार. आजोबांनी वाटणीसाठी केलेल्या दिवाणी दाव्याच्या निकालाची नक्कल हवी आहे. दावा क्रमांक माहीत नाही. हाती फक्त वादी-प्रतिवादींची नावं आणि साधारण काळ, 1970 ते 1975. ऑनलाइन शोधात नावं तीन-चार प्रकारे लिहून पाहिली, काहीच आलं नाही. इतक्या जुन्या फायली बऱ्याचदा संगणकावर चढवलेल्याच नसतात, म्हणजे रेकॉर्ड रूम गाठावी लागणार.

तिथल्या जुन्या नोंदवह्यांत पक्षकाराच्या नावावरून शोध घेता येतो का, की क्रमांकाशिवाय कुणी वही उघडतच नाही? प्रतिवादी चार होते. सूचीत बहुधा पहिल्याचंच नाव असेल, आणि तो नेमका कोण हे घरात कुणालाच आठवत नाही. पुढे अपील झालं होतं असं आत्या सांगते. मग मूळ कागद वरच्या कोर्टात राहिले असतील का?

मी पक्षकार नाही, वारस आहे. नकलेच्या अर्जात कारण काय लिहावं, सोबत काय जोडावं? साधी प्रत नको, प्रमाणित हवी. आत्या थकली आहे, तिच्या डोळ्यांसमोर हा कागद यावा अशी फार इच्छा आहे. कुणी असा शोध घेतला असेल तर सुरुवात कुठून केली, ते कृपया सांगा.