जुकी (कारखान्यातलं शिलाई मशीन) घ्यावं की मोटरवालं घरगुती मशीन? (सोलापूर)

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे.

मी सासूबाईंच्या पायमशीनवर शिवते. ब्लाउज, फॉल, आणि सोलापुरी चादरीच्या कटपीसच्या पिशव्या. पिशवीच्या बंदापाशी चादरीचे चार थर येतात, तिथं हाताने चाक फिरवलं तरी १६ नंबरची सुई मोडतेच. आता अक्कलकोट रोडच्या एका कारखान्याकडून शाळेच्या गणवेशाचे शर्ट घरी शिवायला मिळतायत, नगावर पैसे. पायमशीनवर ते काम उरकणार नाही.

पैसे एकाच मशीनपुरते आहेत. एक तर क्लच मोटरचं जुनं जुकी, टेबलासकट. नाहीतर नवं घरगुती झिगझॅग, त्यात पिको आणि काज दोन्ही होतं. जुकी सरळ टीपच घालतं. गणवेशाचं काम जूनच्या आधीचे काही महिने, पिकोला मात्र बायका वर्षभर येतात. माझं इथंच अडलंय. शिवाय खोली वरच्या मजल्यावर, जिना अरुंद, लेक दुपारी झोपते. क्लच मोटर शिवत नसतानाही घोंघावत राहते, हे कारखान्यात ऐकलंय.

कुणी घरात जुकी चालवलंय का?

प्रतिसाद :
ताई, मी बरीच वर्षं गारमेंटमध्ये होतो. घरगुती झिगझॅगवर दिवसभर शर्ट शिवू नका, ते त्यासाठी बनलेलंच नसतं. जुकीच्या तळाशी तेलाची टाकी असते, मशीन चालताना पंप तेल वर चढवतो, म्हणून ते तासन् तास चालतं. क्लच काढून सर्वो मोटर बसवून घ्या, जुन्या मशीनलाही बसते. पाय दाबला तरच फिरते, आवाज अगदी कमी, विजेची बचत, आणि हात बसेपर्यंत वेग कमी ठेवता येतो. जिन्याची काळजी नको, मशीनचं डोकं टेबलावरून उचलून वेगळं नेता येतं.

एक मात्र नीट विचारून घ्या : मशीन शर्टाच्या कापडाचं आहे की हेवी? हेवीवर शर्टाला चुण्या पडतात. शर्टाचंच घ्या आणि घेण्याआधी कारखान्याचं कापड नेऊन समोर शिवून बघा. चादरीच्या पिशव्या पायमशीनवरच राहू द्या, थर हातोडीने ठोकून चपटे करा, १८ नंबरची सुई लावा. जुकीच्या सुया गोल दांड्याच्या, तुमच्या चपट्या दांड्याच्या तिथं चालणार नाहीत.

धागाकर्ती :
दादा, खूप आभार. हातोडीचं आजच करून बघते. सर्वोसकट भाव काय पडतो ते उद्या विचारते. पिकोच्या बायकांना मात्र परत पाठवणं जिवावर येतंय. नुसतं पिकोचं जुनं मशीन सोलापुरात कुठं मिळेल का?