अनुभव धागा: हात आखडलेल्या वर्षात शाळेचा पैसा आणि शिक्षकांचा पगार नेमका कुठे अडतो?

शिक्षण आयुक्तालय पुण्यात, बालभारती सेनापती बापट रस्त्यावर, राज्याच्या शैक्षणिक संशोधन परिषदेचे कार्यालय कुमठेकर रस्त्यावर. सगळे इथेच असूनही मुळशी-भोरच्या दोनशिक्षकी शाळेचे वीजबिल थकते आणि पेठेतल्या अनुदानित शाळेचा पगार लांबतो. निधी कमी असला की सगळ्यांचे सारखे कापले जात नाही. ज्याचा कागद अपुरा, त्याचे आधी थांबते. म्हणून हा धागा. कामात असलेल्यांनी टप्पे, तारखा, रकमा आणि अडणाऱ्या जागा लिहाव्यात. शाळा, कार्यालये आणि माणसे यांची नावे नकोत.

मुळशीखोरे

जिल्हा परिषद शाळेपुरते लिहितो. समग्र शिक्षा या केंद्र-राज्याच्या शालेय योजनेतले संयुक्त शाळा अनुदान पटावर, म्हणजे मुलांच्या संख्येवर ठरते. ३० पर्यंत पटाला १० हजार, ३१ ते १०० ला २५ हजार, १०१ ते २५० ला ५० हजार, २५१ ते १००० ला ७५ हजार, त्यापुढे १ लाख. यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर खर्चायचे. मंजूर रक्कम पूर्ण मिळेल असे धरून उधारी करू नये. अनेकदा निम्माच हप्ता येतो, तोही वर्ष संपत आल्यावर. शिवाय शाळेचे खाते शून्य शिलकीचे असते. पैसा वरच्या एकाच खात्यात राहतो आणि शाळेला फक्त खर्चाची मर्यादा मिळते. ३१ मार्चला ती मर्यादा संपते.

त्यामुळे निधी येण्याआधीची तयारी हेच खरे काम. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव जुलैतच घ्यावा. त्यात वस्तू प्राधान्याने लिहाव्यात, म्हणजे निम्मा हप्ता आला तरी नवी सभा बोलवावी लागत नाही. दरपत्रके आधी मागवून ठेवावीत. दुकानदाराचे बँक तपशील पीएफएमएसवर (सरकारी निधी देण्याचे केंद्राचे संकेतस्थळ) आधीच नोंदवावेत, कारण ही नोंद मंजूर व्हायला वेळ जातो आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यात संकेतस्थळ उघडतच नाही. पेमेंट ॲडव्हाइसची (बँकेला पैसे द्यायला सांगणारा कागद) प्रिंट १० दिवसच वैध असते. तेवढ्यात मुख्याध्यापक आणि अध्यक्ष या दोघांच्या सह्या होऊन ती बँकेत पोचली नाही, तर पुन्हा पहिल्यापासून. समितीचा अध्यक्ष बदलला की बँकेतला सह्यांचा नमुना त्याच आठवड्यात बदलून घ्या. बरेच अनुदान याच एका कारणाने परत जाते.

वीजबिल आले की त्यावरचा दराचा वर्ग वाचा. सरकारी शाळेला सार्वजनिक सेवेचा सरकारी वर्ग लागतो. जुन्या जोडण्यांवर कधी कधी व्यापारी दर लागलेला असतो. मुख्याध्यापकाच्या अर्जासोबत शाळेचा यू-डायस (देशभरातल्या शाळांची संगणकीय नोंद) क्रमांक आणि शेवटचे बिल जोडून वर्ग बदलून मागता येतो.

मोठ्या कामासाठी ग्रामपंचायतीकडे जावे, पण योग्य वेळी. पुढच्या वर्षाचा गाव आराखडा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून आकार घेतो. त्यात शाळेचे काम लिहिले गेले नाही, तर वर्षभर कितीही अर्ज करा. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीत ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छता यांनाच बांधलेली होती. म्हणून ‘शाळा दुरुस्ती’ असे मोघम लिहिण्यापेक्षा ‘हात धुण्याची जागा, मुलींचे स्वच्छतागृह, पाण्याची टाकी’ असे लिहिलेले प्रस्ताव लवकर बसत.

शालार्थ_लिपिक

अनुदानित माध्यमिक शाळेचे पगारबिल कसे जाते ते लिहितो. शाळेत हजेरी, रजा, वेतनवाढ आणि कपाती यांचे बदल शालार्थमध्ये (राज्याची पगारबिलाची संगणक प्रणाली) भरायचे, बिल तयार करायचे, मुख्याध्यापकांच्या स्तरावरून पुढे पाठवायचे, मग सह्यांची प्रत आणि प्रमाणपत्रे वेतन व भविष्य निर्वाह निधी पथकाकडे, म्हणजे शाळांचे पगार काढणाऱ्या सरकारी कार्यालयाकडे द्यायची. पथक सगळ्या शाळांचे एकत्र देयक करते. निधी बीम्सवर (राज्याची निधिवाटपाची संगणक प्रणाली) आलेला असेल तर ते कोषागारात जाते, तिथून बँकेत. एका शाळेने बिल उशिरा पाठवले की एकत्र देयक खोळंबते, किंवा ती शाळा वगळून पुढे जाते. म्हणून पथकाने दिलेली तारीख शाळेच्या फळ्यावर लिहून ठेवावी.

बिल तयार झाल्यावर एकाही कर्मचाऱ्याची माहिती बदलली तर ते रद्द करून नव्याने करावे लागते. नेहमी सापडणाऱ्या चुका अशा: बँकांच्या विलीनीकरणानंतर जुना आयएफएससी तसाच राहणे, निवृत्त कर्मचारी यादीतून न काढणे, जुलैची वेतनवाढ देताना बिनपगारी रजेचे दिवस न पाहणे, भविष्य निर्वाह निधीच्या अग्रिमाचे हप्ते संपले तरी कपात चालू राहणे.

निधी अपुरा असतो तेव्हा नियमित पगार आधी जातो आणि थकीत बिले मागे राहतात. थकबाकी, वैद्यकीय प्रतिपूर्ती, वरिष्ठ श्रेणीचा फरक हे सगळे ‘शिल्लक राहिल्यास’ या रांगेत. मार्चमध्ये अचानक थोडा निधी मोकळा होतो आणि दोन-तीन दिवसांत देयके मागवली जातात. ज्याची फाइल मंजुरी आदेश, सेवापुस्तकातली नोंद, फरकाचा तक्ता आणि ‘याआधी रक्कम अदा केलेली नाही’ हे प्रमाणपत्र यांसह तयार आहे त्याचेच निघते. इतरांनी पुढच्या अधिवेशनातल्या पुरवणी मागण्यांची वाट पाहायची.

नव्या शिक्षकाचा पहिला पगार हा वेगळाच रस्ता. वैयक्तिक मान्यता, मग शालार्थ आयडीचा प्रस्ताव, विभागीय स्तरावरचा आदेश, मग नोंद. प्रस्तावात संचमान्यता (पटावरून ठरलेल्या पदांची मंजुरी), तपासलेली बिंदुनामावली (आरक्षणानुसार पदांची नोंदवही), नियुक्ती आदेश, रुजू अहवाल, पात्रतेची मूळ गुणपत्रके, पहिली ते आठवीसाठी टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) आणि लागू असेल तिथे जातवैधता. बिंदुनामावली जुनी असणे हे त्रुटीचे पहिले कारण. २०२५ मध्ये नागपूरचे बनावट शालार्थ आयडीचे प्रकरण उघडकीला आल्यापासून नोव्हेंबर २०१२ नंतरच्या मान्यतांचे कागदही प्रणालीत चढवायला सांगितले गेले. मान्यता आदेशाच्या साक्षांकित प्रती शिक्षकाने घरी ठेवाव्यात. संस्थेच्या कपाटावर विसंबू नये.

पटनोंद

वरचे सगळे ज्यावर उभे आहे ती तारीख ३० सप्टेंबर. त्या दिवशी यू-डायसवर असलेला आणि आधार जुळलेला पट धरून संचमान्यता होते आणि पदे ठरतात. पगाराचा निधी पदांमागे येतो.

शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीला ६० पर्यंत २ शिक्षक, ६१ ते ९० ला ३, ९१ ते १२० ला ४, १२१ ते २०० ला ५, आणि १५० च्या वर मुख्याध्यापक. सहावी ते आठवीला दर ३५ मुलांमागे १. म्हणजे ६० आणि ६१ यांत फरक एका मुलाचा असला तरी एक पूर्ण पद जाते. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने निकष आणखी आवळले. सहावी ते आठवीत २० पेक्षा कमी मुले असतील तर त्या गटाला पदच नाही. मुळशी, भोर, वेल्हे (आता राजगड) इथल्या डोंगरी वस्त्यांमध्ये याचा अर्थ काय होतो हे नकाशा पाहिला तरी कळते. तिथे पट कमी असणे हा शाळेचा दोष नाही, वस्तीच लहान आहे. पैसा वाचवायची ही जागा चुकीची निवडली आहे असे माझे स्पष्ट मत आहे.

मूल वर्गात बसलेले असते आणि संगणकावर नसते, याची कारणे ठरलेली. आधारवरचे नाव जनरल रजिस्टरशी (शाळेची प्रवेश नोंदवही) जुळत नाही, जन्मतारखेत फक्त वर्ष आहे, किंवा जुन्या शाळेने मूल यू-डायसवरच्या ‘ड्रॉप बॉक्स’मध्ये, म्हणजे शाळा सोडलेल्यांच्या यादीत सोडलेले नाही. हिंजवडी, चाकण, वाघोलीकडे कामासाठी आलेल्या कुटुंबांच्या मुलांचे तिसरे कारण हमखास. उपाय जूनमध्येच करावा लागतो. प्रवेशाच्या दिवशी आधारची तपासणी, जुळत नसलेल्यांची वेगळी यादी, जुलैत आधार शिबिर, ऑगस्टमध्ये जुन्या शाळेला लेखी मागणी. आधारशी जुळावे म्हणून जनरल रजिस्टर कधीही खोडू नये. दुरुस्ती आधारमध्ये करायची. रजिस्टरमधली खाडाखोड दहावीच्या दाखल्यापर्यंत त्या मुलाच्या मागे लागते.

आकडेमोड

पगाराचे आकडे गप्पांमध्ये फार चुकतात, म्हणून थोडक्यात. शिक्षणसेवकाचे मानधन जानेवारी २०२३ पासून प्राथमिकला १६ हजार, माध्यमिकला १८ हजार, उच्च माध्यमिकला २० हजार. हा काळ ३ वर्षांचा. नंतर प्राथमिक शिक्षक एस-१० या वेतनस्तरामध्ये, मूळ २९,२०० वर येतो. प्रशिक्षित पदवीधर माध्यमिक शिक्षक एस-१४ मध्ये, मूळ ३८,६००.

पुणे शहरात महागाई भत्ता ५३ टक्के असताना २९,२०० वर १५,४७६ भत्ता, ३० टक्के घरभाडे ८,७६०, एकूण ५३,४३६. वाहतूक भत्ता वेगळा. एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना) असेल तर मूळ अधिक महागाईच्या १० टक्के, म्हणजे सुमारे ४,४६८ कपात.

तंगीचा परिणाम भत्त्याच्या तारखेतही दिसतो. ५३ टक्के दर जुलै २०२४ पासून लागू होता, पण रोखीने मिळाला फेब्रुवारी २०२५ च्या पगारासोबत. २९,२०० च्या मूळावर ३ टक्के म्हणजे महिना ८७६, ७ महिन्यांचे ६,१३२. हा आकडा आपल्या चिठ्ठीशी ताडून पाहा. शाळेने फरकाचा महिना चुकवला असेल तर नंतर पुरवणी बिल करावे लागते आणि ते लिपिकदादांनी सांगितलेल्या त्या शेवटच्या रांगेत जाते.

टप्प्यावरचे

अंशतः अनुदानित शाळांबद्दल कुणी लिहिले नाही. ‘कायम विनाअनुदानित’मधला ‘कायम’ शब्द २००९ मध्ये निघाला, त्यानंतर २०, ४०, ६० टक्के असे अनुदानाचे टप्पे. शेजारच्या वर्गात तेच पुस्तक शिकवणाऱ्याला पूर्ण पगार आणि इथे त्याचा काही टक्के भाग. उरलेले संस्थेने द्यावे अशी अपेक्षा असते, पण फी न घेणाऱ्या मराठी शाळेकडे ते येणार कुठून? अशी माणसे संध्याकाळी शिकवण्या घेऊन वर्ग टिकवतात. पूर्ण अनुदान हा त्यांचा हक्क आहे.

वाढीव टप्प्याची घोषणा, शासन निर्णय, तरतूद आणि वितरण या चार वेगळ्या गोष्टी आहेत. घोषणेवर कर्ज काढू नका, वितरणाचा आदेश पाहा. शाळेचे नाव पात्र यादीत आहे की त्रुटीच्या, हे स्वतः वाचा. पतसंस्थेचा किंवा बँकेचा हप्ता महिन्याच्या १ तारखेला न ठेवता १० नंतरचा मागून घ्या. पगार चार दिवस लांबला की दंडव्याज लागते आणि पत-गुण घसरतात, मग घरकर्जाला अडचण. १ नोव्हेंबर २००५ पूर्वी (तेव्हापासूनच्या नेमणुकांना जुनी पेन्शन नाही) नेमणूक पण शाळेला १०० टक्के अनुदान नंतर, असे असेल तर जुन्या पेन्शनच्या वादासाठी नेमणुकीचा मूळ आदेश, मान्यता आणि त्या काळची हजेरीपत्रके जपून ठेवा.

आरटीई_दावे

शिक्षण हक्क कायद्याखाली (आरटीई) खासगी शाळांत वंचित-दुर्बल घटकांतल्या मुलांना २५ टक्के मोफत प्रवेश असतात. त्यांची सरकारकडून प्रतिपूर्ती दर मुलामागे वर्षाला १७,६७० रुपये, किंवा शाळेची फी त्याहून कमी असेल तर ती. २५ मुलांचे ४,४१,७५० होतात. लहान शाळेत ही रक्कम थकली की पगार थकतो. दावा फेटाळला जाण्याची कारणे: मान्यता प्रमाणपत्राची मुदत संपलेली, मुलाचे आधार न जुळणे, वर्षात शाळा सोडलेल्या मुलाचे नाव दाव्यात राहणे. थकबाकी पालकांकडून मागता येत नाही, हे पालकांनीही लक्षात ठेवावे.

खासगी शाळेतल्या शिक्षकांनी पगार बँकेतूनच घ्यावा, दर महिन्याची चिठ्ठी मागावी. १९७७ च्या खाजगी शाळा कर्मचारी अधिनियमाखाली सेवेतून काढल्याच्या आदेशावर शाळा न्यायाधिकरणात ३० दिवसांत अपील करावे लागते.

पालक_सदस्य

महापालिकेच्या शाळेतल्या पालकांसाठी. शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असे शिक्षण हक्क कायदा सांगतो. सभेत तीनच कागद मागा: अनुदानाची मंजूर व मिळालेली रक्कम, साठा नोंदवही, उपयोगिता प्रमाणपत्र. गणवेश-साहित्याची रक्कम खात्यात येणार असेल तर ते खाते चालू आहे ना, आधारशी जोडले आहे ना, हे मे महिन्यातच पाहा. बंद पडलेल्या खात्यावरची रक्कम परत जाते आणि मूल जुन्या गणवेशात वर्ष काढते.

खिचडीचा हिशेब

पोषण आहाराचे राहिले. दर मुलामागे रोज तांदूळ पहिली ते पाचवीला १०० ग्रॅम, सहावी ते आठवीला १५० ग्रॅम. शिजवण्याचा खर्च मे २०२५ पासून दर मुलामागे रोज अनुक्रमे ६.७८ आणि १०.१७ रुपये. ग्रामीण भागात डाळ, तेल, मसाला पुरवठादाराकडून येतो आणि भाजी-इंधनाची रक्कम शाळेला मिळते. तीच उशिरा येते, तोवर उधारी मुख्याध्यापकांच्या नावावर.

स्वयंपाकी-मदतनीस २५ मुलांपर्यंत १, २६ ते १०० ला २, पुढे दर १०० ला १. मानधन महिना २,५०० रुपये. रोज तीन-चार तास चुलीपुढे उभ्या राहणाऱ्या ताईंना हे फारच कमी आहे आणि तेही दोन-दोन महिने लांबते. त्यांचे बँक तपशील आणि हजेरी महिन्याच्या शेवटच्या दिवशीच पुढे पाठवा. केंद्रातल्या (जवळच्या शाळांचा गट) एका शाळेची हजेरी राहिली तर सगळ्या केंद्राचे मानधन थांबते.

तांदळाचे पोते उतरवतानाच काट्यावर ठेवा आणि वजन कमी भरले तर पोचपावतीवर किलोत लिहूनच सही करा. ८० मुलांच्या प्राथमिक शाळेला दिवसाला ८ किलो लागतात. ५० किलोच्या पोत्यात २ किलो कमी म्हणजे २० मुलांचे एका दिवसाचे जेवण, आणि महिनाअखेरीस ती तूट शाळेच्याच नोंदवहीत दिसते.